मूठ सुटायला लागणारा वेळ

सुमेध खोब्रागडे हा नियम पाळणाऱ्यांतला माणूस नव्हता, पण नियम मोडणाऱ्यांतलाही नव्हता. प्रत्येक नियमाच्या बाजूला एक बारीक फट असते. ती शोधायची आणि अंग चोरून पलीकडे जायचं, अशातला तो होता. नागपुरात अशा माणसांना हुशार म्हणतात. त्यांच्या बायका त्यांना दुसरंच काहीतरी म्हणतात.

त्या रविवारी तो बायको प्रियल आणि नऊ वर्षांची मुलगी तितिक्षा यांना घेऊन शहराच्या पश्चिमेकडच्या मोठ्या उद्यानात आला. तितिक्षाला घरात सगळे तितू म्हणत. उद्यानात नवं साहसवन झालं होतं. दोरांची जाळी, लाकडी मनोरे, टायरांचे पूल, लहानांना लोळायला चिखलाचं तळं. आणि सगळ्यांच्या पलीकडे, खोदून केलेल्या दरीवर, वाघदरी. वाघदरीच्या पुलाच्या फळ्यांवरून चालायचं तर वरून लोंबणारे दोर एकेक करून धरायचे. एक धरायचा, पाऊल टाकायचं, तो सोडायचा, पुढचा धरायचा. शाळेत तितूच्या वर्गातल्या एकीचा मोठा भाऊ तिथे जाऊन आला होता आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

फाटकावरच पाटी होती, वाघदरीसाठी बारा वर्षं पूर्ण हवीत.

"मी घरूनच सांगून राहिली होती, आधी नीट पाहा म्हणून," तितू म्हणाली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"अगं, बाकी एवढं आहे न खेळायला," प्रियल म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. तिच्या लेखी बारा म्हणजे बारा.

फाटकावर प्रत्येकाच्या मनगटावर बँड बसवत होते. मोठ्यांना केशरी, बारा वर्षांखालच्यांना निळा. या बँडची दोन कामं असत. पहिलं साधं. दोरावर लोंबकळणाऱ्याचा हात थकून पकड ढिली पडायला लागली, की ते त्या माणसाच्या आधी बँडला कळतं आणि कमरेचा पट्टा त्याला उचलून धरतो. आपण मूठ आवळतो तेव्हा मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून हाताच्या स्नायूंपर्यंत येतो आणि तिथे विजेची बारीक लहर उठते. बँड ती लहर कातडीवरूनच वाचतो. दोरांतही संवेदक धागे विणलेले असतात. बोटं प्रत्यक्षात कधी आवळली आणि कधी सुटली, हे ते सांगतात. निरोप केव्हा निघाला आणि काम केव्हा झालं, हे दोन्ही ठाऊक असलं की त्या हाताची सगळी खबर मिळते.

दुसरं काम सरकारी. आपल्याकडे माणूस आडवा पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही, हे शेवटी सरकारच्याही ध्यानात आलं. मग माणूस जिथे आपल्या पायांनी जातो तिथेच तपासणी नेऊन ठेवली. बसच्या दांड्यांत, व्यायामशाळेत, बागेत. तुम्ही मजेत दोरावर लोंबकळा, तोवर बँड तुमच्या नसा आणि स्नायू तपासतो. काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य कक्षात बोलावून डॉक्टर समोर बसवून सांगतात. मोबाइलवर निरोप पाठवायला बंदी आहे, आणि ही बंदी शहाणपणाची आहे.

निळ्या बँडला मात्र हे दुसरं काम दिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत मुलांचे निष्कर्ष कुठून कुठे फुटले, शाळांनी प्रवेश नाकारले, थोरल्या बहिणींची जमलेली लग्नं मोडली. मग कायदा झाला. आईवडील दोघांनी मिळून लेखी मागितल्याशिवाय बारा वर्षांखालच्या मुलाची अशी तपासणी करायची नाही. निळा बँड पोराला पडण्यापासून वाचवतो, बाकी तो आंधळा असतो.

आत शिरल्यावर सगळ्यांना सरावाच्या दोरावर एकदा चढून उतरावं लागे. प्रियलला उंचीची भीती. ती डोळे मिटून चढली, डोळे मिटूनच उतरली आणि म्हणाली, "झालं माझं साहस." मग तिने कडुनिंबाखाली चादर अंथरली आणि तिथेच ठाण मांडलं. जेवताना तिचं मनगट खाजायला लागलं. बँडला कुलूप असतं, पण प्रियलचं मनगट बारीक. लोणच्याच्या तेलाचं बोट फिरवल्यावर बँड बांगडीसारखा उतरला. पोळ्या, झुणका आणि ठेचा संपला, तिने ओढणी तोंडावर घेतली आणि थंडीच्या उन्हात ती गाढ झोपली.

केशरी बँड डब्याच्या झाकणावर पडला होता. सुमेधने त्याच्याकडे पाहिलं. तितूने सुमेधकडे पाहिलं.

"बाबा, आई रागवेल."

"आई झोपून राहिली. झोपलेल्या माणसाला राग येत नाही."

सुमेध लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता. कमरेचा पट्टा वजनावर चालतो, बँडच्या रंगावर नाही, हे त्याने एका नजरेत ताडलं होतं. तितू वयाच्या मानाने उंच होती. धोका काडीचा नव्हता. निळा बँडही तसंच तेलाचं बोट फिरवून त्याने उतरवला आणि खिशात टाकला, केशरी तिच्या मनगटावर चढवला, आणि बापलेक चोरपावलांनी वाघदरीकडे निघाले.

तितू पुलावर चढली तेव्हा तिच्या तोंडावर जे तेज आलं होतं, ते पाहायला सुमेधने आणखी चार नियमांच्या फटी शोधल्या असत्या. खाली झुडपांत लपवलेला लाकडी वाघ होता, तो गुरगुरायचा. तितू त्याला वाकुल्या दाखवत होती. फक्त ती हळू चालत होती. दोर धरला, पाऊल टाकलं, की तिथेच थांबायची. मग एकेक बोट उलगडल्यासारखा हात सुटायचा.

मागून कुणीतरी ओरडलं, "चाल न वो पोट्टे, संध्याकाळ करतं काय!"

"घाबरू नको, तितू. सोड हात. पट्टा आहे न," सुमेध तिच्या मागून म्हणाला.

"मी कुठं घाबरून राहिली? हात सुटत नाही पटकन."

"दोर आवडला वाटते तुला."

तितू खिदळली. तिचं सगळंच निवांत असायचं. शाळेच्या बसमधून उतरताना दांडा सोडायला वेळ, लिहून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवायला वेळ. घरात तिला राणीसरकार म्हणत. राणीसरकारांची स्वारी निघायला उशीर व्हायचाच.

पलीकडे पोचल्यावर तिने बाबाच्या कमरेला मिठी मारली. "आईला सांगू?"

"घरी गेल्यावर सांगू. इथं सांगितलं तं मला त्या वाघापुढं टाकते ती."

प्रियल उठली तेव्हा केशरी बँड झाकणावर होता, निळा तितूच्या हातात होता आणि बापलेक शहाण्यासारखे शेंगा सोलत बसले होते. बाहेर पडताना लागतो म्हणून तिने बँड पुन्हा हातात घातला. थोड्या वेळाने त्याचा दिवा लुकलुकायला लागला आणि बारीक अक्षरं उमटली, 'कृपया आरोग्य कक्षात यावे.'

"रक्तदाब असेल," ती म्हणाली. "तुमच्यासोबत राहून वाढणारच." आणि चपला घालून गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात उकडलेल्या शेंगांचा आणखी एक पुडा होता. तो तिने तितूला दिला. "जा, चिखलात खेळून ये. कपडे खराब झाले तरी चालतील." तितूने आईकडे संशयाने पाहिलं, कारण असं वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग विचार बदलायच्या आत पळाली.

प्रियल चादरीवर बसली. "सुमेध, रडायचं नाही आणि ओरडायचं नाही. आधी ऐकून घे."

"काय झालं?"

"माझ्या हातात आजार निघाला. नाव एवढं लांब आहे की मॅडमनी पण ते वाचून सांगितलं. मूठ आवळली की ती सुटायला उशीर होतो. आता जाणवण्याइतका नाही. पण वाढत जाणार. आधी हात, मग पाय, मग श्वास." ती वर्गात उदाहरण समजावून सांगावं तशी बोलत होती. "माझ्या वयात सावकाश वाढतो म्हणे. पंधरा-वीस वर्षं चांगली जातील. तेवढ्यात तितू पायावर उभी राहते. मी हिशेब केला."

सुमेधला पहिल्यांदा काही कळलंच नाही. तो तिच्या हाताकडे पाहत राहिला. ती मूठ मिटत होती, उघडत होती.

"तरीच परवा कुकरचं झाकण माझ्या हातून सुटून नव्हतं राहिलं."

"अगं, ते झाकणच वाकडं आहे."

"झाकण वाकडं नाही, सुमेध. आपण मनाची समजूत घालून राहिलो होतो." तिने त्याचा हात धरला. "आणि मी पहिलं काय विचारलं माहीत आहे? मुलीला होईल का. त्या म्हणाल्या, आईबाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, आणि असं फार क्वचित जुळतं. म्हणजे तितू सुटली. मी तं तिथंच डोळे मिटून हात जोडले. मॅडमला वाटलं मला चक्कर येऊन राहिली." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बरं झालं रे. होणारच होतं कुणाला तं मला झालं, हे बरं झालं."

तेव्हा सुमेधला कळलं.

हात सुटत नाही पटकन. तितूचा आवाज त्याला पुन्हा ऐकू आला, मागून ओरडणारा माणूस ऐकू आला, आपलं स्वतःचं हसणंही ऐकू आलं. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून शब्दाऐवजी हुंदका आला. तो दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. इतका की पलीकडच्या चादरीवरची माणसं बघायला लागली.

प्रियलने त्याला जवळ घेतलं. ती त्याची पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "असं काहून करतो? मी आता आहे न. चांगली धडधाकट आहे. चूप, चूप. पोरगी पाहील."

ती त्याचं सांत्वन करत होती, आणि तिच्या सांत्वनातलं अक्षर न् अक्षर त्याला सुरीसारखं लागत होतं. नवऱ्याचं आपल्यावर एवढं प्रेम आहे, हे पाहून तिला बरं वाटत होतं. ते पाहणं सगळ्यात कठीण होतं.

"मी मॅडमना भेटून येतो," तो शेवटी म्हणाला.

"ये. पण त्यांच्याशी भांडू नको."

आरोग्य कक्षातल्या डॉक्टर गेडाम पन्नाशीच्या होत्या. दिवसभर लोकांना नको ते सांगून थकलेल्या. त्यांनी खुर्ची पुढे केली. "तुम्ही मिस्टर का? त्या फार धीराच्या आहेत."

"मॅडम, मशीन चुकू शकते न?"

"चुकते. म्हणूनच पुढच्या आठवड्यात रुग्णालयात फेरतपासणी आहे. पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. सकाळी सरावाच्या दोरावर काही दिसलं नव्हतं. दोन-चारदाच धरलं-सोडलं तर हे लपून राहतं. वाघदरीवर गेल्या तेव्हा सापडलं. तिथे इतक्यांदा धरायचं-सोडायचं असतं, आणि दर वेळी तेच आलंय."

वाघदरीवर कोण गेलं होतं, हे सुमेधला ठाऊक होतं. तरी फट शोधायची सवय सुटत नव्हती. "समजा, हात लहान असला. बारीक मनगट, छोटी बोटं. मशीनला मोठ्या माणसाचा हात वाटला, म्हणून चूक झाली, असं होऊ शकते न?"

"मिसेसचं मनगट बारीकच आहे, हो. पण त्याचा संबंध नाही." त्यांनी स्वतःची मूठ त्याच्यासमोर मिटली. "जोर किती लागला, हे आपण बघतच नाही. स्नायूंच्या पेशींना अगदी सूक्ष्म दारं असतात. आवळताना ती उघडतात, सोडताना मिटायला पाहिजेत. या आजारात ती अर्धवट उघडी राहतात. मेंदू म्हणतो सोड, हाताला सोडायचं असतं, आणि तरी स्नायू आवळलेलाच राहतो." त्यांनी मूठ उघडली. "किती वेळ, तेवढंच मशीन मोजतं. हात पैलवानाचा असो की पोराचा, निरोगी असेल तर तो लगेच सुटतो."

भिंतीपलीकडून पोरांचा कालवा येत होता. सुमेधने विचारलं, "आणि लहान मुलांत हा झाला तर?"

"तुमच्या मुलीची काळजी वाटते न? मिसेसना मी सांगितलंय..."

"हो, तरी. मुलांत झाला तर?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मुलांत तो फार वेगाने वाढतो. मोठ्यांत जे व्हायला वीस वर्षं लागतात, ते मुलांत पाच-सात वर्षांत होतं. औषध आहे. दर महिन्याला पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं, पोरं ओरडतात. त्याने बरं होत नाही, पण वेग कमी होतो. जितकं लवकर सुरू करू तितकी वर्षं जास्त मिळतात. पण मुलांत ते लवकर कळतच नाही. आईबापांना वाटतं पोर आळशी आहे." मग पडद्याकडे वळून, विचारायचा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "बँड पूर्ण वेळ मिसेसच्याच हातात होता न?"

"हो," सुमेध म्हणाला. "तिच्याच."

तो खोटं का बोलला? कायद्याला भिऊन नाही. ते वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडलं की खरं होणार होतं, आणि त्याला ते अजून थोडा वेळ खरं व्हायला नको होतं, एवढंच.

बाहेर येऊन तो वाघदरीच्या पायऱ्यांशी उभा राहिला. समजा, आपण काहीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात प्रियलचा हात तपासतील, त्यात काही निघणार नाही, डॉक्टर म्हणतील मशीन चुकलं. प्रियल आनंदाने वेडी होईल, गल्लीत संत्राबर्फी वाटेल. तितू रोज शाळेत जाईल, बसच्या दांड्याशी घुटमळेल, घरात सगळे तिला राणीसरकार म्हणून चिडवतील. तिला दर महिन्याला कण्यातून सुई नाही, शाळेत कुजबुज नाही. कुणाला कळणार आहे? निळा बँड आंधळा असतो. असे सुखाचे दिवस किती मिळतील? एक वर्ष? दोन?

आयुष्यात एवढी मोठी फट त्याला कधीच सापडली नव्हती. आणि तिच्यातून पलीकडे जाता येत नाही, हे त्याला आतून ठाऊक होतं. लिफ्टचा झिजलेला दोर दिसला, तर आज सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना जिने चढायला लागतील म्हणून कुणी गप्प बसत नाही. जितकं लवकर तितकी वर्षं जास्त, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. आणि तितूच्या तपासणीसाठी आईबाप दोघांचं लेखी मागणं लागत होतं. प्रियलला सांगावं लागणार होतं. होणारच होतं तर मला झालं हे बरं, असं म्हणून जिने हात जोडले होते, तिचा आजार तिच्याकडून काढून घ्यायचा आणि बदल्यात तिला हे द्यायचं. यातलं अर्धं आपल्याच रक्तातून गेलंय, हेही सांगायचं.

घरी गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. मग वाटलं, नाही, बसमध्ये. मग वाटलं, आत्ताच. असं ठरवत ठरवत तो कडुनिंबापाशी पोचला.

तितू चिखलातून परतली होती. नळाखाली हातपाय धुऊन झाले होते, पण चिखलाने वेणी सुटून केस पाठीवर मोकळे झाले होते. प्रियल तिला पुढ्यात घेऊन बसली होती. दरवेळी असं झालं की ती दोन मिनिटांत वेणी घालून मोकळी व्हायची. आज तिने केसांचे तीन भाग करून ते तितूच्या खांद्यावरून पुढे आणून तिच्याच हातात दिले होते.

"ही बट या बटेवरून घ्यायची. आता ती सोडायची आणि तिसरी धरायची. सोपं आहे. तुला स्वतःची वेणी घालता आली पाहिजे."

"काहून? तू घालून देते न?"

"मी प्रत्येक वेळी असेन काय? मोठी झाली तू आता. हं, घे. आता ती सोड."

तितू जीभ बाहेर काढून मन लावून करत होती. तिने बट धरली, दुसरीवरून नेली.

"सोड न आता."

"सोडून राहिली न मी."

"कुठं सोडून राहिली? धरूनच ठेवली. सोड म्हटलं की लगेच सोडायचं."

"आई, थांब न जराशी. हात सुटून राहिला."

प्रियल हसली. "राणीसरकार," म्हणाली, आणि तितूचा हात हलवायला तिने आपला हात पुढे नेला. तो तसाच राहिला. तितूची बोटं केसांवर आवळलेली होती. मग अंगठा सुटला. मग एक बोट. मग दुसरं.

सुमेध उभा राहून पाहत होता. ठरवलेलं वाक्य अजून सांगायचंच होतं.

"परत कर," प्रियल हळूच म्हणाली.

तितूने दुसरी बट धरली, नेली, आणि तिची बोटं पुन्हा तशीच राहिली. प्रियलने स्वतःची मूठ आवळली आणि सोडली. ती झटकन उघडली. तिने पुन्हा आवळली, पुन्हा सोडली. मग तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा रडून सुजलेला चेहरा ती मघापासून पाहत होती. आता तिने तो पहिल्यांदा नीट वाचला.

"सुमेध, मी झोपली होती तेव्हा बँड कुठं होता?"

सुमेधच्या आधी तितूच बोलली.  दुपारभर पोटात धरून ठेवलेलं गुपित आता तिला आवरेना.

"सांगू का बाबा? सांगू? आई, माझ्या हातात होता! आम्ही वाघदरीवर गेलो होतो! तो वाघ गुरगुरून राहिला होता आणि मी जराही घाबरली नाही. विचार बाबाला. पूर्ण पूल मी तुझ्या बँडवर केला!"

प्रियलने सुमेधकडे पाहिलं. सुमेधने होकारार्थी मान हलवली.  मग तो चादरीच्या काठावर गुडघ्यांवर बसला. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते त्याने पाहिलं, आणि ते त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तासाभरापूर्वी तिला वाटलं होतं की आपण जाणार आणि पोरगी राहणार. त्या दुःखात ती सुखी होती.

"तू रागावली?" तितूने विचारलं.

"नाही गं. भारी केलं तू."

"मग अशी काहून पाहून राहिली?"

"दे इकडे," प्रियल म्हणाली. तिने तितूच्या बोटांतून केस अलगद सोडवून घेतले, तिला वळवून तिची पाठ आपल्याकडे केली, म्हणजे पोरीला आपला चेहरा दिसू नये. मग ती वेणी घालायला लागली. तिचे हात भराभर चालत होते. बट धरत होते, सोडत होते, धरत होते. एकही बोट कुठे अडत नव्हतं, आणि त्या न अडणाऱ्या बोटांकडे तिला पाहवत नव्हतं.

"पण मला शिकायचं आहे न," तितू पाठमोरीच कुरकुरली. "तूच म्हणाली न, तू प्रत्येक वेळी नसशील म्हणून."

प्रियलने ओठ दातांखाली धरले. सुमेधला वाटलं, आता हिला बोलता येणार नाही. पण ती बोलली, आणि आवाजही बराचसा नेहमीसारखा काढला.

"चुकलं माझं. मी आहे न," ती म्हणाली. "मी रोज घालून देईन. मी कुठं जाऊन राहिली?"